वीज गेल्यानंतरचे दहा सेकंद

रुग्णालयात विजेची पर्यायी सोय असली पाहिजे, याबद्दल कोणाचेच दुमत नसते. मात्र ही सोय वीज गेल्यावर किती सेकंदांत सुरू व्हावी, किती तास टिकावी आणि नेमक्या कोणत्या प्लगपर्यंत पोहोचावी, हे प्रश्न इमारतीचा आराखडा काढताना क्वचितच विचारले जातात. माहितीपत्रकात ‘चोवीस तास जनरेटर बॅकअप’ अशी ओळ असते, आवाराच्या कोपऱ्यात ध्वनिरोधक पेटीत जनरेटर उभाही असतो आणि तो किती केव्हीएचा आहे, हे कौतुकाने सांगितले जाते. केव्हीए हे यंत्राच्या क्षमतेचे माप झाले. रुग्णाच्या दृष्टीने महत्त्वाचा असतो तो पुरवठ्यात पडलेला खंड, आणि तो किती लांबेल हे ठरवणारे भाग जनरेटरच्या तुलनेत अगदी किरकोळ किमतीचे असतात: इंजिनाला पहिला झटका देणारी बॅटरी, पुरवठा बदलणारा स्विच, वरच्या टाकीत डिझेल चढवणारा पंप. गेल्या दोन दशकांत रुग्णालयांची पर्यायी वीज जिथे जिथे गाजावाजा होऊन कोसळली, तिथे बहुतेक वेळा महागडे इंजिन धडधाकट होते आणि दगा दिला तो यांपैकीच एखाद्या भागाने.

या खंडाचे शास्त्रीय वर्गीकरण उपलब्ध आहे. आंतरराष्ट्रीय विद्युततंत्र आयोगाच्या, म्हणजे आयईसीच्या, ६०३६४ या मानकातील ७१०वा विभाग केवळ वैद्यकीय जागांसाठी आहे आणि त्यात खोल्यांची विभागणी रुग्णाच्या शरीराशी यंत्राचा संबंध कितपत येतो, यावर केलेली आहे. जिथे विजेवरचे उपकरण रुग्णाला जोडलेच जात नाही, तो गट शून्य. जिथे ते शरीराला जोडले जाते, पण पुरवठा तुटल्याने जीव धोक्यात येत नाही, तो गट एक. आणि शस्त्रक्रियागृह, अतिदक्षता विभाग, हृदयात नळी घालून तपासणी करण्याची कॅथलॅब अशा जागा, जिथे पुरवठा तुटणे म्हणजे थेट प्राणाशी गाठ, तो गट दोन. शस्त्रक्रियेच्या टेबलावरचा दिवा आणि प्राणरक्षक उपकरणे यांना पर्यायी वीज अर्ध्या सेकंदाच्या आत मिळाली पाहिजे, सुटकेच्या मार्गावरील दिव्यांसारख्या गोष्टींना पंधरा सेकंदांत, आणि निर्जंतुकीकरणाची यंत्रे, कपडे धुण्याची यंत्रे वगैरेंना त्याहून उशिरा मिळाली तरी चालेल, असा त्याचा ढोबळ आशय आहे. अमेरिकी मानकात जीवरक्षक शाखांवर जनरेटरची वीज दहा सेकंदांत आली पाहिजे, अशी अट आहे. भारतीय मानक ब्यूरोच्या राष्ट्रीय विद्युत संहितेतही वैद्यकीय आस्थापनांसाठी स्वतंत्र विभाग असून, रुग्णालयांना गुणवत्तेचे मानांकन देणारी एनएबीएच ही संस्था पर्यायी विजेची सोय आणि तिची नियमित चाचणी या दोन्हींची विचारणा करते.

प्रत्येक उपकरणाला खंड सारखाच सोसत नाही, हे लक्षात घेतल्याशिवाय या सेकंदांचा अर्थ उमगत नाही. अतिदक्षता विभागातील व्हेंटिलेटरला स्वतःची बॅटरी असते आणि ती चांगल्या अवस्थेत असेल तर अर्ध्या तासापासून काही तासांपर्यंत यंत्र चालू राहते. मात्र ही बॅटरी शेवटची कधी बदलली, हे बहुधा यंत्राच्या मागच्या चिकटपट्टीवरही लिहिलेले नसते. औषध थेंबाथेंबाने सोडणाऱ्या सिरिंज पंपाचीही गोष्ट तीच. डायलिसिसच्या वेळी रुग्णाचे दीड-दोनशे मिलिलिटर रक्त कोणत्याही क्षणी शरीराबाहेर नळ्यांत फिरत असते. वीज गेली की यंत्रातील बॅटरी रक्तपंप काही मिनिटे फिरता ठेवते आणि तेही संपले तर परिचारिकेला दांडा हाताने फिरवून ते रक्त परत रुग्णाच्या शरीरात पोहोचवावे लागते. याउलट एमआरआय यंत्रातील अतिवाहक चुंबक वीज गेल्यावर बंद पडत नाही. अतिशीत हेलियममध्ये बुडालेल्या वेटोळ्यांतून प्रवाह विनाअडथळा फिरत राहतो आणि खोलीत अंधार असतानाही चुंबक तितकाच प्रबळ असतो, म्हणून लोखंडी सिलिंडर घेऊन घाईने आत धावणे हे अशा वेळी विशेष धोक्याचे ठरते. सीटी स्कॅनचा प्रश्न आणखी वेगळा, कारण ते यंत्र काही सेकंदांसाठी एवढा मोठा भार ओढते की जनरेटर बेताचा असेल तर त्या झटक्याने बाकीच्या विभागांतील दाब खाली जातो.

वीज गेल्यानंतर नेमके काय घडते, ते जवळून पाहण्यासारखे आहे. महावितरणच्या किंवा अन्य पुरवठादाराच्या वाहिनीवरील दाब नाहीसा झाल्याचे एएमएफ पॅनेलच्या, म्हणजे मुख्य पुरवठा खंडित होताच जनरेटर आपोआप सुरू करणाऱ्या नियंत्रक फलकाच्या, लक्षात येते. परंतु तो लगेच हालचाल करत नाही, कारण अर्ध्या सेकंदाची झपकी ही खरी वीज जाणे नसते आणि प्रत्येक झपकीला इंजिन सुरू केले तर ते फार काळ टिकणार नाही. एक ते तीन सेकंद वाट पाहून फलक सुरुवातीच्या बॅटरीला आदेश देतो, स्टार्टर मोटर इंजिनाला फिरवते, पहिल्या प्रयत्नात इंजिन पेटले नाही तर थोडे थांबून पुन्हा प्रयत्न होतो. इंजिन पेटल्यावर त्याला मिनिटाला दीड हजार फेऱ्यांची गती गाठावी लागते, तेव्हा कुठे ५० हर्ट्झची वीज तयार होते. दाब आणि वारंवारता दोन्ही स्थिर झाल्याची खात्री पटल्यावर बदल-स्विच मुख्य वाहिनीचा संपर्क तोडतो आणि जनरेटरचा जोडतो. दोन्ही संपर्क एकाच वेळी जोडलेले राहू नयेत, यासाठी या स्विचमध्ये यांत्रिक अडसर असतो. नाही तर रुग्णालयाचा जनरेटर उलट्या दिशेने गावाच्या तारांना वीज देऊ लागेल आणि खांबावर दुरुस्तीला चढलेल्या वायरमनच्या जिवावर बेतेल. एवढे सगळे सुरळीत झाले तर दहा सेकंद लागतात. हाताने फिरवायचा चेंजओव्हर असलेल्या लहान रुग्णालयात हा काळ रखवालदार कुठे आहे, यावर अवलंबून असतो.

या दहा सेकंदांची भरपाई यूपीएसने करायची असते. घरोघरी असलेला इन्व्हर्टर आणि रुग्णालयात लागणारा ऑनलाइन यूपीएस यांत मूलभूत फरक आहे: इन्व्हर्टर वीज असताना ती जशीच्या तशी पुढे सोडतो आणि गेल्यावर बॅटरीकडे वळतो, त्या वळण्यात काही मिलिसेकंद जातात; ऑनलाइन यूपीएस बाहेरून आलेल्या विजेचे आधी एकदिश प्रवाहात रूपांतर करतो, त्यावर बॅटरी जोडलेली असते आणि त्याच प्रवाहापासून तो पुन्हा नवी, स्वच्छ प्रत्यावर्ती वीज तयार करतो, त्यामुळे बाहेर वीज गेली काय किंवा दाब खालीवर झाला काय, उपकरणाला त्याचा पत्ताच लागत नाही. म्हणून यूपीएस आणि जनरेटर यांतला कोणता घ्यावा, हा विचारच चुकीचा ठरतो. यूपीएस हा जनरेटर येईपर्यंतचा पूल आहे आणि जनरेटर आलाच नाही तर त्या पुलाला पलीकडचा काठ नाही.

जनरेटर न येण्याचे सर्वांत सामान्य कारण तांत्रिक पुस्तकांत वर्षानुवर्षे छापले जाते: सुरुवातीची बॅटरी मेलेली असणे. काही हजार रुपयांची ही बॅटरी लाखो रुपयांच्या यंत्राच्या शेजारी, उष्ण पेटीत, महिनोन्‌महिने निष्क्रिय पडून असते, आणि शिसे-आम्ल बॅटरीचे आयुष्य २५ अंश सेल्सियसच्या वर प्रत्येक दहाएक अंशांनी जवळपास निम्मे होते, हा नियम विदर्भातील मे महिन्याला कोणतीही सवलत देत नाही. इंग्लंडमध्ये ९ ऑगस्ट २०१९ रोजी राष्ट्रीय ग्रिडमध्ये बिघाड होऊन दहा लाखांहून अधिक ग्राहकांची वीज गेली, तेव्हा इप्सविच येथील रुग्णालयाचे जनरेटर सुरू झाले, पण एका ठिकाणी बॅटरीच्या दोषामुळे पुरवठा वळलाच नाही आणि रुग्णालयाचा काही भाग सुमारे पंधरा मिनिटे विजेविना राहिला. सुदैवाने त्या भागात बाह्यरुग्ण विभाग होता.

पाण्याने केलेले नुकसान मात्र यापेक्षा फार मोठे आहे. २९ ऑक्टोबर २०१२ रोजी सँडी हे चक्रीवादळ न्यूयॉर्कला धडकले, तेव्हा तिथल्या बेलव्ह्यू या सार्वजनिक रुग्णालयाचे जनरेटर पुराच्या भीतीने तेराव्या मजल्यावर बसवलेले होते, आणि हा निर्णय योग्यच होता. पण त्यांना डिझेल पुरवणारे पंप तळघरात होते, ते बुडाले, आणि मग कर्मचारी व नॅशनल गार्डचे जवान जिन्यात रांग धरून डिझेल हातोहात तेरा मजले वर चढवत राहिले. शेजारच्या एनवाययू लँगोन या नामांकित रुग्णालयात इंधनव्यवस्थेचा खालचा भाग पाण्यात गेल्यावर जनरेटर थांबले आणि त्या रात्री तीनशेहून अधिक रुग्ण जिन्यांवरून खाली आणावे लागले. त्यांत नवजात अतिदक्षता विभागातील २० बालके होती आणि परिचारिका त्यांतील काहींना छातीशी धरून हाताच्या पिशवीने श्वास देत उतरत होत्या. त्याआधी सात वर्षे, ऑगस्ट २००५ मध्ये कतरिना वादळानंतर न्यू ऑर्लिन्सच्या मेमोरियल वैद्यकीय केंद्रात असेच घडले होते: जनरेटर उंचावर, पण पुरवठा वळवणारे स्विच व फलक पाण्याच्या पातळीत. तिथे उरलीसुरली वीज ३१ ऑगस्टच्या पहाटे गेली आणि पुढे त्या इमारतीतून ४५ मृतदेह बाहेर काढण्यात आले. त्यांतील काही मृत्यूंवरून झालेला नैतिक आणि कायदेशीर वाद पुढे कित्येक वर्षे चालला.

ही उदाहरणे दूरची वाटत असतील तर कोकणाकडे पाहावे. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठी नदीच्या महापुरात चिपळूण शहर बुडाले, तेव्हा तिथल्या एका कोविड रुग्णालयात पाणी शिरले, विजेचा पुरवठा तुटला, जनरेटरही चालू राहू शकला नाही आणि आठ रुग्ण दगावले. त्यांतील किती मृत्यू थेट व्हेंटिलेटर थांबल्याने झाले, याबद्दल निरनिराळी विधाने झाली, पण पाणी आणि वीज यांची गाठ पडल्यावर काय होते, हे त्या घटनेने महाराष्ट्राला दाखवून दिले. विजेची सामग्री तळघरात किंवा तळमजल्यावर ठेवण्यामागे कारणे असतात: ट्रान्सफॉर्मर आणि जनरेटर जड असतात, इंधन वर साठवण्यावर अग्निसुरक्षेचे निर्बंध असतात, आवाज व धूर रुग्णांपासून दूर ठेवायचा असतो. याखेरीज एक कारण कोणत्याही आराखड्यात लिहिलेले नसते, ते म्हणजे तळघरात खाटा टाकता येत नाहीत, म्हणून उत्पन्न न देणाऱ्या सगळ्या वस्तू तिथे जातात. नदीकाठच्या आणि खाडीकाठच्या शहरांत तरी हा हिशेब पूररेषेचा नकाशा समोर ठेवून केला गेला पाहिजे, आणि तो करताना केवळ जनरेटर वर नेऊन भागत नाही. पंप, फलक, केबलचे सांधे आणि त्यांच्यापर्यंत पोहोचण्याचा रस्ता हे सगळेच त्या रेषेच्या वर हवे.

बाहेर वीज असूनही रुग्णाच्या खाटेशी ती नसणे, हा प्रकार त्या मानाने कमी चर्चिला जातो. घरात एखाद्या उपकरणाची वीज आवरणात उतरली की आरसीसीबी हे संरक्षक स्विच क्षणार्धात पडते, त्यामुळे माणूस वाचतो आणि दिवे जातात. शस्त्रक्रियागृहात हेच घडले तर एका सदोष उपकरणामुळे भूल देण्याचे यंत्र, दिवा आणि मॉनिटर एकदम बंद पडतील, आणि तळमजल्यावरचा जनरेटर स्वस्थ बसून राहील, कारण त्याच्या दृष्टीने मुख्य वाहिनीवर वीज आहेच. यावर मानकांनी सुचवलेला उपाय म्हणजे पृथक पुरवठा: गट दोनच्या खोल्यांना स्वतंत्र ट्रान्सफॉर्मरमधून अशी वीज द्यायची की तिच्या दोन्ही तारांपैकी एकही जमिनीशी जोडलेली नसेल, त्यामुळे पहिला दोष उद्भवला तरी मोठा प्रवाह वाहत नाही, पुरवठा तुटत नाही, फक्त इन्सुलेशनवर पाळत ठेवणारे उपकरण भिंतीवरच्या फलकात पिवळा दिवा लावून इशारा देते आणि शस्त्रक्रिया संपल्यावर दोष शोधता येतो. मोठ्या शहरांतील नव्या रुग्णालयांत ही व्यवस्था दिसू लागली आहे. राहत्या इमारतीचे दोन मजले घेऊन उभ्या राहिलेल्या नर्सिंग होममध्ये ती जवळजवळ नसतेच, आणि तिथे निदान इतके तरी पाहता येते की एका खाटेभोवतीचे सगळे प्लग एकाच एमसीबीवर नसावेत.

इंधनाचे गणित त्या मानाने सोपे असूनही ते आयत्या वेळी सुचते. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी दहाच्या सुमारास कळवा–पडघे परिसरातील ४०० केव्ही वाहिन्यांच्या बिघाडानंतर मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईची वीज गेली. ग्रिड कोसळली तरी शहराला स्वतःच्या वीजकेंद्रांच्या आधारे वेगळे राखून तगवण्याची मुंबईची जुनी ‘आयलंडिंग’ व्यवस्था त्या दिवशी उपयोगी पडली नाही. करोनाच्या साथीत अतिदक्षता विभाग भरलेले असताना रुग्णालये जनरेटरवर गेली आणि त्यांना किमान आठ तास पुरेल इतके डिझेल उपलब्ध ठेवण्याचे आदेश महापालिका आयुक्तांना द्यावे लागले. आदेश तत्परतेचा होता, पण असा साठा वीज जाण्याच्या आदल्या दिवशीच हिशेबात असायला हवा. डिझेल जनरेटरला एका युनिटसाठी साधारण पाव लिटरहून थोडे अधिक इंधन लागते. २५० केव्हीएचा जनरेटर, म्हणजे ढोबळमानाने २०० किलोवॉटचा, पाऊण भारावर चालला तर तासाला सुमारे ४० लिटर आणि दिवसाला हजाराच्या आसपास लिटर पितो, तर त्याच्या पायातील टाकी बहुधा आठ-दहा तासांचीच असते. पेट्रोलियम कायद्यानुसार डिझेलचा साठा एका जागी २,५०० लिटरपर्यंत, आणि एका पात्रात हजार लिटरपेक्षा जास्त नाही, अशा बेताने परवान्याशिवाय ठेवता येतो, तेव्हा दोन दिवसांची बेगमी मध्यम रुग्णालयाला कायद्याच्या चौकटीतच करता येते. जून २०२० मध्ये निसर्ग वादळानंतर रायगड जिल्ह्यातील कित्येक गावांना आठवडेच्या आठवडे विजेची वाट पाहावी लागली होती, हे लक्षात घेता दोन दिवस म्हणजे काही फार नव्हेत. शिवाय डिझेल हे तुपासारखे मुरत नाही, ते नासते: टाकीत दव साचते, त्या पाण्याच्या थरात सूक्ष्मजीव वाढतात आणि त्यांचा चिकट गाळ ऐन वेळी फिल्टर तुंबवतो.

चाचणीच्या बाबतीत तर एक गोड गैरसमज सर्वत्र आढळतो. दर आठवड्याला जनरेटर पाच-दहा मिनिटे नुसता फिरवायचा, वहीत सही करायची आणि निश्चिंत व्हायचे, ही पद्धत काहीच न करण्याहून बरी असली तरी तिने एक नवा दोष निर्माण होतो. भाराविना चालणारे डिझेल इंजिन पुरेसे तापत नाही, न जळलेले इंधन आणि काजळी धुराड्यात व झडपांवर साचते, आणि खरा भार पडताच इंजिन गुदमरते. म्हणूनच अमेरिकी मानक महिन्यातून एकदा किमान अर्धा तास, क्षमतेच्या निदान ३० टक्के भारावर चाचणी मागते. खरी परीक्षा मुख्य स्विच प्रत्यक्ष पाडूनच होते, कारण बॅटरी, फलक, स्विच आणि कोणता प्लग कोणत्या शाखेवर आहे हे सगळे तेव्हाच एकदम तपासले जाते; आणि डॉक्टर मंडळी अशा चाचणीला तयार नसतील, तर ज्या व्यवस्थेवर सरावालाही भरवसा ठेवता येत नाही, तिच्यावर पावसाळी रात्री कसा ठेवणार, असे त्यांना विचारण्यास हरकत नाही.

हे सारे विवेचन ज्यांच्याकडे मुळात भरवशाची वीज आहे, त्यांच्यापुरते झाले. जागतिक आरोग्य संघटनेने इतर संस्थांसह जानेवारी २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार, अल्प आणि निम्न-मध्यम उत्पन्नाच्या देशांतील सुमारे १०० कोटी लोक ज्या आरोग्यकेंद्रांवर अवलंबून आहेत, तिथे वीज एकतर नाही किंवा बेभरवशाची आहे. गडचिरोली, मेळघाट किंवा नंदुरबारच्या डोंगराळ भागात वाहिनी जंगलातून येते, वादळात झाड पडले की ती तुटते आणि रस्ता बंद असल्याने दुरुस्तीला वेळ लागतो. अशा केंद्राची गरज मोठ्या रुग्णालयासारखी नसते: प्रसूतीच्या टेबलावर दिवा, नवजात बाळासाठी ऊब देणारा वॉर्मर, लसींसाठी शीतपेटी, एखादा ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर. त्यांतील लसींचा प्रश्न यंत्राच्या रचनेनेच बऱ्याच अंशी सोडवलेला आहे. भिंतींत बर्फाचा थर असलेला आईस-लाइन्ड रेफ्रिजरेटर दिवसातून आठ तास वीज मिळाली तरी आतले तापमान दोन ते आठ अंशांत राखतो. कॉन्सन्ट्रेटर मात्र निर्दय आहे. मिनिटाला पाच लिटर देणारे यंत्र साधारण ३०० ते ३५० वॉट सतत ओढते आणि घरगुती इन्व्हर्टरची १५० अँपिअर-तासाची भरलेली बॅटरी त्याला जेमतेम चार तास चालवते. घरी प्राणवायूवर असलेल्या रुग्णाच्या कुटुंबाने हा आकडा माहीत करून घ्यावा, वीज न लागणारा एक भरलेला सिलिंडर जवळ ठेवावा आणि खोलीत किंवा गॅलरीत छोटा पेट्रोल जनरेटर कदापि चालवू नये, कारण त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

छोट्या केंद्रांसाठी छपरावरचे सौर पटल आणि बॅटऱ्या हा मार्ग आता सिद्ध झालेला आहे. छत्तीसगडमध्ये तिथल्या अक्षय ऊर्जा विकास संस्थेने शेकडो आरोग्यकेंद्रांवर अशी यंत्रणा बसवली, आणि नायजेरियातील एका रुग्णालयात अंधारातील प्रसूती पाहून अमेरिकी प्रसूतितज्ज्ञ डॉ. लॉरा स्टॅचेल यांनी २००८ च्या सुमारास सूटकेसमध्ये मावेल असा सौरसंच तयार केला, तो पुढे अनेक देशांत पोहोचला. पटल वीस-पंचवीस वर्षे टिकते, त्याला धूळ पुसण्यापलीकडे फारसे काही लागत नाही. शिसे-आम्ल बॅटरी पाच-सात वर्षांत, उष्ण आणि दुर्लक्षित खोलीत त्याहून लवकर, संपते, लोहयुक्त लिथियम बॅटरी अधिक टिकते पण महाग पडते. देणगीदार किंवा योजना यंत्रणा बसवण्याचे पैसे देतात, उद्घाटनाचा फलकही लागतो. बॅटरी बदलण्याचा खर्च मात्र कोणत्या लेखाशीर्षाखाली टाकायचा, हे वैद्यकीय अधिकाऱ्याला कोणी सांगितलेले नसते. यंत्रणा बसवण्याच्या करारातच दहा वर्षांची देखभाल आणि एकदा बॅटरीबदल अंतर्भूत करणे, किंवा रुग्ण कल्याण समितीच्या निधीतून दरवर्षी ठरावीक रक्कम त्यासाठी बाजूला काढणे, हे दोन उपाय त्यावर आहेत, आणि दोन्ही निविदा काढण्यापूर्वीच ठरवावे लागतात.